पुढच्या ओवीचा शब्द

समाप्तीच्या सकाळी मंगेश गाडी घेऊन आला, तेव्हा सुगंधा ओटीच्या चौकटीला आंब्याचा टाळा बांधत होती. हा तिचा धाकटा दीर दरवर्षी पोलादपूरला एसटीतून उतरतो आणि वाडीवर येणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून वर येतो. यंदा वळणावर पांढरी, भाड्याची गाडी उभी राहिली. सुगंधाच्या मनात आलं, ही नुसती सोडायला आलेली नाही, न्यायला आलेली आहे.

तिचा नवरा महिपत स्टुलावर उभा होता. खाली न बघताच तो म्हणाला, "मंगेश आबांना नेतोय. उद्याच."

"इंजेक्शनांसाठी ना? ते तर ठरलंय."

महाडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्या सासऱ्यांच्या, आबांच्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं होतं. आतला पडदा खराब होत चालला आहे, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, महिन्याच्या महिन्याला, आणि ती मुंबईत. आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले होते.

"दर महिन्याला कोण आणणार, कोण नेणार?" महिपत म्हणाला. "माझी कंपनी हाय, त्याची नोकरी हाय. तिकडंच राहतील आता आबा. आई आपल्याकडं."

सुगंधाच्या हातातली सुतळी तशीच राहिली. "म्हंजे कायमचे?"

"त्याची खोली बघितलीस ना तू? एक माणूस मावतंय, दोन नाय मावत. त्यात श्रुतिकाला..." मंगेशच्या बायकोबद्दलचं पुढचं त्याने आंब्याच्या पानांत गुंडाळून टाकलं.

"आईंना विचारलंत?"

"जेवताना बोलू ना सगळे."

"जेवताना?"

सुगंधाने नवऱ्याकडे पाहिलं. चातुर्मासात ती आणि सासूबाई पानावर बसल्या की मौन धरतात, हे या माणसाच्या इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही लक्षात राहिलं नव्हतं. पहिला घास घेतल्यापासून हात धुवेपर्यंत शब्द काढायचा नाही. निघालाच, तर भरल्या पानावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. नेम सासूबाईंचा. सुगंधा लग्न होऊन आली त्याच वर्षी तिने तो मागून घेतला होता. महिपतला एवढंच ठाऊक, की श्रावणात घरातल्या बायका जेवताना कुरकुर करत नाहीत, आणि तो त्यावर खूश होता.

"जेवणाआधी बोला," ती म्हणाली.

"आधी कुठं वेळ हाय? सगळी वाडी येईल आता," असं म्हणून तो स्टुलावरून उतरला आणि भावाच्या हातातली बॅग घ्यायला पुढे गेला.

वाडी आलीच. ओटीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. पाटावर पोथी, समोर समई, आणि धुतलेल्या धोतरातले आबा ताठ बसलेले. कोंडाजी म्हटलं की या खोऱ्यात अजूनही लोक आधी आवाज आठवतात, मग माणूस. नांगर धरून हाताची बोटं वाकडी झाली, पाठ वाकली, दात गेले. आवाजाला वय झालं नाही. ओवी उचलली की ती ओटीवरून अंगणात आणि अंगणातून खालच्या भातापर्यंत जाते.

आणि त्यांच्या मागे, माजघराच्या उंबरठ्यावर, पदर सारखा करत बसलेल्या आई. बनुबाई.

इकडे पोथी एकट्याने वाचायची नसते. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, मग पुढची ओवी. पूर्वी अर्थ सांगायला वाडीतले चांगूमामा असत. ते मुलाकडे बिरवाडीला राहायला गेले, त्या श्रावणात आबांनी पहिली ओवी वाचली आणि पोथी तिथेच थांबली. लोक एकमेकांकडे बघत राहिले. तेव्हा माजघराच्या अंधारातून एका बाईचा आवाज आला होता, "राणी रुसली म्हंतात ती वनवासाला भ्याली म्हनून नाय. राजानं तिला न विचारता ठरवलं म्हनून रुसली."

ओटीवर हशा पिकला. कुणी तरी म्हातारा पुटपुटला, की बाईमाणसाने अर्थ सांगायचा म्हणजे काय. त्यावर आबा वळलेसुद्धा नव्हते. "अर्थ चुकला असंल तर बोल," एवढंच म्हणाले आणि पुढची ओवी उचलली. तो उंबरठा तेव्हापासून बनुबाईंचा झाला. त्यांना अक्षर येत नाही. पोथी सुलटी की उलटी हे त्या कुंकवाचा डाग वर आहे की खाली यावरून ओळखतात. पण वाडीतली शिकलेली मुलंसुद्धा म्हणतात, आजी अर्थ सांगते तेव्हा कळतं की आबांनी काय वाचलं.

सुगंधा रोज सकाळी तुळशीपुढे बसून आपलं स्तोत्र वाचते. दहावीपर्यंत शिकली आहे, अडत नाही. पण वाचून झाल्यावर कुणी विचारलं, काय होतं त्यात, तर तिला परत बघावं लागतं. तिच्या मनात पुष्कळदा यायचं, की आपण डोळ्यांनी वाचतो, आई कशाने वाचतात?

ते तिला यंदाच कळलं, आणि तेही लाइट गेली म्हणून.

श्रावणातली एक संध्याकाळ. वाऱ्याने तार कुठे तरी पडली आणि ओटी काळोखात बुडाली. आधीच समई वाऱ्याने विझलेली. आणि आबा वाचतच राहिले! चांगली अर्धी ओवी त्यांनी काळोखात वाचली. बायांनी हात जोडले. कुणी तरी म्हणालं, "पोथी पाठ हाय म्हाताऱ्याला, देवाची देणगी." मोबाइलच्या उजेडात सगळ्यांनी आबांच्या पायाला हात लावला. सुगंधा तेवढी जागची हलली नाही. तिला एक गोष्ट खटकली होती. आबांना लाइट गेलेली कळलीच नव्हती.

मग लाइट आली, गडबड शमली, आणि आबांना पुढे वाचता येईना. ते पोथीवर वाकले, खोकले, पाणी मागितलं. तेव्हा उंबरठ्यावरून आई सावकाश म्हणाल्या, "म्हंजे राजा रानात फिरला, फिरला, आनि त्याला दिसली काय, तर हरिणी." आणि आबांच्या तोंडून 'हरिणी'वर पुढची ओवी सुरू झाली.

त्यानंतर सुगंधा रोज कान देऊन बसली. आईंचा अर्थ कुठूनही सुरू होवो, भाताच्या खाचरातून जावो, माहेरच्या आठवणीतून जावो, एखाद्या सुनेला चिमटा काढून जावो, तो संपायचा नेमका पुढच्या ओवीच्या पहिल्या शब्दावर. तो शब्द मिळाला की आबांना ओवी सापडायची. डोळे पोथीवर आणि कान उंबरठ्याकडे. ज्या बाईला अक्षर ठाऊक नाही, तिने सबंध पोथीची शिवण डोक्यात ठेवली होती. एक टाका ती देत होती आणि पुढचं कापड आबा पसरत होते.

सुगंधाने हे कुणाला सांगितलं नाही. देव्हाऱ्यातल्या देवाला सांगितलं, ते वेगळं.

आजही तसंच झालं. शेवटचा अध्याय आबांनी असा वाचला की अंगणातल्या पोरांनीही दंगा थांबवला. मंगेश मोबाइल धरून उभा होता. "आबा, जरा इकडे बघा ना," असं तो मध्येच म्हणाला, आणि आबांनी जिकडून आवाज आला तिकडे मान वळवली. फक्त सुगंधाला दिसलं, की ती मान मोबाइलच्या वितभर बाजूला वळली होती.

पोथी आटोपली, आरती झाली, वाडीच्या पंगती उठल्या. नारळ, केळी, शिरा सगळ्यांच्या हाती गेला. घरची माणसं जेवायला बसली तेव्हा ऊन पडवीच्या लादीवर आलं होतं. चुलीशी श्रुतिका होती. सकाळपासून पुऱ्या तळून तिचा चेहरा लाल झाला होता. "वहिनी, माझ्या पुऱ्या मुंबईत फुगतात हो, इथंच काय होतं त्यांना?" असं ती निदान चारदा म्हणाली होती. मंगेशची ही बायको बोलायला मोकळी. पण महिपतने सकाळी जे पानांत गुंडाळलं, ते ताडल्यापासून सुगंधाला तिच्याशी नीट बोलवत नव्हतं.

केळीची पानं मांडली. भात, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, पुऱ्या, तांदळाची खीर. भांडी मधे ठेवून सगळे एकदमच बसले. बनुबाईंनी अन्नाला नमस्कार केला, पहिला घास घेतला आणि मौन धरलं. सुगंधानेही धरलं. तिच्या अगदी समोर आईंचं पान होतं.

मंगेशने पुरी मोडली. "सगळे बसलोत तर क्लिअर करून टाकू. उद्या सकाळी निघायचं. आबा आता माझ्याकडं. लोखंडी कॉट आणून ठेवलीय हॉलमध्ये. एकदम खिडकीला. दादा, तुला काय प्रॉब्लेम?"

"माझा कसला? आईची काळजी तू करू नको. सुगंधा हाय."

"आबा?"

आबा भात कालवत होते. त्यांची बोटं पानावर बिरडं शोधत होती. "तुमी दोघांनी ठरवलं म्हंजे बरंच असंल," ते म्हणाले.

"आई, तुला चालेल ना?"

बनुबाईंनी मान हलवली.

"झालं तर मग! आई पण हो म्हणाली."

सुगंधाचा घास तोंडात फिरू लागला. अशीच मान आईंनी आत्ता बिरडं वाढताना हलवली होती, तशीच मीठ हवं का विचारल्यावर. जेवतानाच्या त्या मानेचा अर्थ एवढाच, की बोलणार नाही, जेवू द्या. तिने महिपतकडे पाहिलं. डोळ्यांनी खूण केली, आईंकडे बघा, जेवण होऊ द्या. महिपतने क्षणभर तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मीठ वाढलं. तिने मान जोरात हलवली, तेव्हा त्याने लिंबाची फोड दिली.

"आणि आबा, एक सरप्राइज हाय," मंगेश रंगात आला होता. "आमच्या बिल्डिंगच्या मंडळात लाइट गेलेली स्टोरी सांगितली मी. सगळे पागल झाले. अंधारात पोथी वाचणारे आबा! नवरात्रात तुमचं वाचन ठेवलंय, रोज. माइक, स्टेज, सगळं. बॅनर छापायला टाकलाय."

"नवरात्रात," आबा म्हणाले. मग जरा वेळाने, "बघू. डोळे दमतात रे."

"अहो, तुम्हाला डोळे लागतात कुठं!" मंगेश हसला. महिपत हसला. श्रुतिकाही हसली. "नुसतं बसायचं आणि वाचायचं."

"आनि अर्थ?" आबांनी विचारलं. अगदी हळू.

"अर्थ कशाला? तिकडं कोणाला टाइम आहे? तुम्ही फक्त वाचा, संपलं."

आबांचा हात भातात थांबला. सुगंधाने आयुष्यात त्यांना भ्यालेलं पाहिलं नव्हतं. सावित्रीला पूर आला तेव्हा ते गुरं सोडवायला गेलेले, कमरेइतक्या पाण्यातून. ते आता पानाकडे बघत होते, दिसत नसलेल्या पानाकडे, आणि त्यांचा जबडा हलत होता. तिच्या डोळ्यांसमोर ते स्टेज आलं. माइकसमोर आबा, पोथी उघडलेली, पहिली ओवी झालेली, आणि दुसरी येत नाही. मागे उंबरठा नाही. लोक वाट बघताहेत.

तिने आईंकडे पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होत्या. शांतपणे, घास चावत.

"भावोजी," सुगंधा म्हणाली, "आबांना एकट्याला नेऊ नका."

सगळ्यात जास्त दचकली ती स्वतः. मग तिने हातातला घास पानावर ठेवला, पानाला नमस्कार केला आणि उष्ट्या हाताने उठून भिंतीशी उभी राहिली.

"अगं, तू बोललीस?" महिपत म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर एकदम उजेड पडला. "तुझं ते... जेवताना बोलायचं नसतं ना तुमचं? सकाळी तू तेच म्हणत होतीस!"

"आता काय," सुगंधा म्हणाली. "आता उठलेच हाय."

"वहिनी, मी काय वाईट करतोय का?" मंगेशचा आवाज चढला. "ट्रीटमेंट करतोय, ठेवून घेतोय. तुम्हाला काय वाटतं, मला आई नको हाय?"

"तसं नाय म्हणत मी."

"मग काय म्हणताय?"

सुगंधाने आबांकडे पाहिलं. जे बोलायचं होतं ते त्यांचं होतं, तिचं नव्हतं. "आबा, माफी असावी," ती म्हणाली.

"बोल गो," आबा म्हणाले. "मला दिसत नाय. ऐकू येतं चांगलं."

"आबा पोथी वाचत नायत," ती म्हणाली. "म्हंजे वाचतात. पण डोळ्यांनी नाय. आई अर्थ सांगतात ना, तो जिथं संपतो ना भावोजी, तिथं पुढच्या ओवीचा शब्द असतो. आई तो शब्द देतात, मग आबांना ओवी आठवते. दर ओवीला. त्या दिवशी लाइट गेली ती आबांना कळलीच नव्हती. तुम्ही मंडळात सांगितलंत ना, देणगी? ती देणगी दोघांची हाय. यांना तिकडं नेलं आणि त्यांना इकडं ठेवलं, तर आबा मुके होतील. आणि आई..." तिला पुढचा शब्द सापडेना. "आई तर इथं आहेतच, पण कुणाला सांगतील?"

एवढं सलग सुगंधा या घरात कधी बोलली नव्हती. तिचे कान तापले.

मंगेश भावाकडे बघू लागला, भाऊ आईकडे. आई खीर घेत होत्या.

"आबा, खरं हाय हे?" मंगेशने विचारलं. "इतके दिवस तुम्ही लोकांना... आम्हाला..."

"काय? फसवलं?" आबा एकदम ताठ झाले. आवाज खाली भाताच्या खाचरापर्यंत गेला. "एक ओवी चुकली काय रे कधी? एक शब्द मागं-पुढं झाला? बोल!"

"नाय, पण..."

"मंग?" मग ते थांबले आणि त्यांचा आवाज उतरला. "आरंभी मला बी ठाऊक नवतं. अक्षरं पुसट व्हायला लागली, पण ओवी यायची. मला वाटायचं, वा रे कोंडाजी, काय तुझं ध्यान! आपल्याच मनाशी फुगायचो. मंग एका श्रावणात हिचा घसा बसला. आवाज फुटंना. ते दोन दिवस वाचन बंद व्हतं. एकटाच पोथी उघडून बसलो आनि मला काय बी येईना. तवा कळलं, माझं ध्यान उंबरठ्यावर बसतंय."

श्रुतिकाच्या हातातली पुरी तशीच होती. "मग तुम्ही आईंना विचारलं नाही का, आबा?"

"काय विचारायचं, गो? ती देत व्हती, मी घेत व्हतो."

महिपत उगीचच पाण्याचा तांब्या सरळ करत राहिला. सुगंधाला वाटलं, आपण आणि हा माणूस दिवसभरात काय बोलतो? सिलिंडर, कंपनीची बस, डबा. आपण म्हातारे होऊ तेव्हा एकमेकांना द्यायला एखादा शब्द तरी साठलेला असेल का? आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की महिपतने तिचं अर्धवट पान स्वतःच्या पानाजवळ ओढून घेतलं आहे आणि मांजर येऊ नये म्हणून तो त्यावर ताट पालथं घालतो आहे. ते ती खाणार नव्हती. तरी तो झाकत होता.

श्रुतिकाने पुरी खाली ठेवली आणि ती मंगेशकडे वळली. "एक मिनिट. तुम्ही तर मला सांगितलंत, आईंनाच यायचं नाही. गाव सोडवत नाही त्यांना."

मंगेश खोकला. "अगं, जागा कुठंय? तुलाच त्रास होईल म्हणून मी..."

"मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? वन रूम किचन..."

"म्हणजे आबांना सांगितलं आईंचं हो आहे, दादांना सांगितलं असणार श्रुतिका नको म्हणते. आणि मला सांगितलं आई नको म्हणतात. वा!" तिने सुगंधाकडे वळून पाहिलं. "वहिनी, म्हणून सकाळपासून तुम्ही माझ्याशी धड बोलत नव्हतात?"

सुगंधाने मान खाली घातली.

"मी म्हटलं, पुऱ्या फुगत नाहीत म्हणून रागावल्या," श्रुतिका म्हणाली, आणि आबा तोंडातला घास सांभाळत हसू लागले. "ती कॉट बाहेर काढा हो. खाली दोन गाद्या पडतात हॉलमध्ये. आम्ही किचनमध्ये झोपू. दोघं यायचे. मी सांगते."

"दोघं?" आता महिपत उसळला. "दोघांना कसे नेशील? आई इथून गेली तर हे घर काय घर राहील? श्रावणात दाराशी कोण येईल?"

"दादा, तूच म्हणालास, दर महिन्याला आणणार-नेणार कोण!"

"म्हणालो असेन. सुट्टी काढीन मी. कंपनीनं काय मला बांधून घातलंय?"

"मग सकाळी का नाय बोललास?"

"तू ठरवूनच आलास, गाडी घेऊन! मी काय बोलणार?"

सकाळी एकाला एक वाटून घेणारे भाऊ आता दोघांनाही दोन्ही हवे म्हणून भांडत होते. आबा मान इकडून तिकडे फिरवत आवाजांचा माग काढत होते, आणि त्यांचं तोंड सुगंधाने फार दिवसांत पाहिलं नव्हतं तसं उजळलं होतं. शेवटी तेच म्हणाले, "अरे, तिला विचारा."

सगळे वळले.

बनुबाई जेवत होत्या. भाताची शितं त्यांनी एका बोटाने गोळा केली. खिरीचा द्रोण पुढे केला, श्रुतिकाने घाईघाईने खीर वाढली. ती त्यांनी सावकाश संपवली. मंगेशने तोंड उघडलं, तशी महिपतने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "थांब. मौन हाय तिचं." आयुष्यात पहिल्यांदा तो हे जाणून बोलला होता.

दोन्ही मुलगे, सून आणि नवरा त्या एका पानाकडे बघत बसले. पडवीत फक्त मधमाशीचा आवाज होता, शिऱ्याच्या परातीवरचा. बनुबाईंनी पान स्वच्छ केलं. नमस्कार केला. पान दुमडलं. उठल्या, मागच्या दारी जाऊन हात धुतले, चूळ भरली, पदराला हात पुसत परत आल्या आणि सवयीने माजघराच्या उंबरठ्यावर टेकल्या.

"महिन्याच्या महिन्याला आमी दोघं जाऊ," त्या म्हणाल्या. "सुई टोचून झाली, दोन दिस राहिलो, की दोघं परत येऊ. मंगेशकडं पाव्हणे, इथं घरचे. येताना मंगेश वीर स्टेशनाला गाडीतनं उतरवील, न्यायला महिपत येईल. एकानं सोडायचं, एकानं न्यायचं, म्हंजे कुनाची रजा जास्त पडत नाय. आनि नवरात्रात वाचायचं असंल तर वाचतील की हे. माझी जागा ठेवा मागं, उंबरठ्याशी."

"बिल्डिंगमध्ये उंबरठा नसतो गं आई," मंगेश म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता.

"मंग खुर्ची ठेव. तीबी नसंल तर मी आपली जमिनीवर बसेन. पन मागं. पुढं बसले तर हे बिचकतात."

"मी कुठं बिचकतो?" आबा म्हणाले.

"नाय बिचकत," बनुबाई म्हणाल्या. "बॅनरवर माझं नाव घालू नका, म्हंजे झालं. लोक अर्थ ऐकायला येतील नि हे तोंड फुगवतील."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि महिपतने धावत जाऊन त्यांच्या पाठीवर थोपटलं.

मग पानं उचलली गेली. भाऊ वळणावर गाडीवाल्याशी बोलायला गेले, की उद्या एक नव्हे, दोन माणसं जास्त आहेत आणि परतीचंही आत्ताच ठरवून टाकू. श्रुतिका भांडी घासायला लागणार तर सुगंधाने तिच्या हातातली राख काढून घेतली. सकाळपासूनच्या अबोल्याची भरपाई दुसरी काय करणार? म्हणाली, "तू बस. पुऱ्या चांगल्या झाल्या होत्या."

"तुम्ही खाल्ल्यातच कुठं, वहिनी!"

सुगंधा मागच्या दारी दगडावर बसून परात घासत राहिली. पोटात कावळे ओरडत होते. आज आता काही नाही, उद्या सूर्य वर येईपर्यंत. भुकेचं तिला काही नव्हतं. पण लग्न झाल्यापासून न मोडलेला नेम आज मोडला, आणि तो भरल्या पंगतीत, सासऱ्यांची झाकली गोष्ट उघडी करून. तिने मनातल्या मनात देवाला विचारलं, चुकलं का माझं? देव काही बोलला नाही. आई आल्या.

बनुबाई तिच्याजवळ, कोरड्या जागेवर टेकल्या. "भूक लागली?"

"नाय."

"आज एक नेम मोडलास. खोटं बोलून आनखी एक मोडू नको."

सुगंधा हसली, पण डोळे भरून आले. "आई, एक विचारू? तुमची जोडी मोडत होती. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. आणि तुम्ही एक शब्द काढला नाय. खीर मागून घेतलीत."

"घेतली," बनुबाई म्हणाल्या. "बरी झाली व्हती."

"कसं जेववलं तुम्हाला?"

बनुबाईंनी तिच्या हातातली परात काढून घेतली आणि स्वतः विसळायला लागल्या.

"तू समोर बसली व्हतीस," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडाकडं बघूनच जेवत व्हते मी. दिसत व्हतं मला, आता बोलतेस, मंग बोलतेस. मंग दोघींनी कशाला उपाशी राहायचं, गो?"